लांबच्या नळाचं पाणी

मंगळवार, १२ नोव्हेंबर

थोरले,

आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण तो कधी बरा होता. तुझी टिटवी जेवते, झोपते, उलट उत्तरं देते, म्हणजे तब्येतीची काळजी नको. तू पाठवलेला स्वेटर तिला आखूड झाला. पोरगी बघून तुला दीड वर्ष झालं, ती काय तुझी वाट बघत तेवढीच राहणार आहे?

अक्षराला हसू नकोस. दुसरीपर्यंतची शाळा, त्यातही निम्मी दांडी. धुलाईच्या दुकानात मागच्या टेबलावर बसून लिहितेय. मालक जेवायला गेलाय. इस्त्री आता हातून होत नाही, नुसत्या घड्या घालते, तेवढ्यासाठी ठेवून घेतलंय त्याने.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तुझा आवाज आला की मी भलतंच बोलत बसते. शेजारणीच्या सुनेचं, मांजराचं. आणि पत्राचं बरं असतं, एकदा पेटीत टाकलं की हात घालून परत काढता येत नाही.

मुद्द्याचं आधी सांगते. रविवारी टिटवी तुला एक फिल्म पाठवणार आहे. त्यात मी आहे. ती बघायच्या आधी हे पत्र तुला मिळालं पाहिजे. आधी फिल्म आली तर बघू नकोस, पत्राची वाट बघ. एवढं एक ऐक माझं.

टिटवीच्या शाळेत स्पर्धा होती. चार-चार पोरांचा गट करायचा. लांबलांबच्या गरीब देशांत काम करणाऱ्या संस्था असतात, त्यातली एक निवडायची आणि तिची बाजू तीन परीक्षकांपुढे मांडायची. जो गट जिंकेल त्याच्या संस्थेला शाळा देणगी पाठवणार. एका गटाने डोळ्यांची ऑपरेशनं करणारी संस्था घेतली. एकाने विधवांना शेळ्या देणारी. त्यांना खरी शेळी स्टेजवर आणायची होती, मुख्याध्यापकांनी हात जोडले.

टिटवीच्या गटाने पाण्याची संस्था घेतली. गावोगाव स्वच्छ पाण्याचे नळ बसवतात ते लोक. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, "शेळ्या घ्यायच्या होत्या की."

"का गं आजी?"

"शेळी दिसते तरी. पाण्यात काय बघायचं?"

महिनाभर आमच्या खोलीत नकाशे आणि डिंक. तिच्या गटात एक चष्मेवाला आहे, हुशार, पण बिस्किटांचा फडशा पाडतो. तो म्हणाला, नुसते आकडे वाचले तर परीक्षक झोपतील, एखादी तिकडची बाई बोलताना दाखवू. आता तिकडची बाई आणायची कुठून? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

दुकानाच्या मागच्या अंगणात मला उभं केलं. डोक्याला जुनं फडकं बांधायला लावलं. टिटवी म्हणते, "आजी, जरा गरीब दिस ना." म्हटलं, बाई, आयुष्यभर तेच तर लपवत आले.

एका पुठ्ठ्यावर त्यांनी लिहून आणलं होतं. 'मी पाण्यासाठी रोज तीन तास चालते. माझी मुलं आजारी पडतात. आम्हाला मदत करा.' मी अडखळत वाचलं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा तर 'आजारी'लाच गाडी अडली. तेव्हा चष्मेवाला म्हणाला, "आजी, पुठ्ठा राहू दे. तुमच्या मनाने बोला, काहीही चालेल."

मग मी बोलले. काय बोलले ते पुढे येतंय. घाई करू नकोस, मलाही घाई झेपणार नाही.

बोलून झालं. चष्मेवाल्याच्या हातात बिस्कीट तसंच. मग तो म्हणाला, "आजी, तुम्ही नाटकात जायला हवं होतं." सगळे हसले. टिटवीने मला मिठी मारली. त्यांना वाटलं, म्हातारीने रचून सांगितलं. मीही फडकं सोडलं आणि म्हटलं, चला, माझ्या घड्या राहिल्यात.

गेल्या शुक्रवारी स्पर्धा झाली. मी तिसऱ्या रांगेत, पिशवी मांडीवर. फिल्म लागली. भिंतीएवढं माझं तोंड. बघवत नव्हतं. संपल्यावर परीक्षकांतल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "या बाई कुठल्या? तुम्हाला भेटल्या कशा?"

खोटं बोलायला आपल्या घरात सगळ्यांना जमतं, त्या पोरीला जमत नाही. ती म्हणाली, "ही माझी आजी आहे. तिने अभिनय केलाय."

दुसरे परीक्षक कोटवाले होते. ते म्हणाले, "म्हणजे ते मूल गेलं वगैरे, ते खोटं?"

"हो."

"तुम्हीच बनवलंत?"

"आजीने बनवलं. पण तिकडे असं खरंच होतं, सर."

मग कोटवाल्यांनी सगळ्यांसमोर तिला धारेवर धरलं. दुसऱ्याच्या दुःखाचं सोंग आणून मदत मागायची याला फसवणूक म्हणतात, अशा गटाला एकही गुण देणार नाही, संस्थेचंही नाव खराब केलंत. पोरगी स्टेजवर उभी. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी पुढे काही करीन म्हणून नाही गं, मला वाईट वाटलं असेल म्हणून बघितलं.

मला एवढंच करायचं होतं की उठायचं आणि म्हणायचं, खोटं नाही, माझंच मूल होतं. एक वाक्य. गुडघा दुखत होता, पण गुडघ्यावर ढकलणार नाही. मी पिशवीचा बंद धरून बसून राहिले. शेळ्या जिंकल्या.

येताना वाटेत टिटवी म्हणाली, "आजी, मी तुला सोंग करायला लावलं. चूक माझी." गटातली दोन पोरं आता तिच्याशी बोलत नाहीत. काल आणि आज ती शाळेत गेली नाही, पोट दुखतंय म्हणते. शनिवारी शाळेतून फिल्म परत मिळाली की रविवारी आईला पाठवणार आहे. म्हणाली, "कोणी नाही तर आई तरी म्हणेल, आजी किती छान बोलली."

आता ऐक.

तू नऊ वर्षांची होतीस, धाकटा दोन. आपण दुकानामागच्या खोलीत राहायचो. अंगणात हातपंप होता, गटाराला लागून. दवाखान्यातल्या नर्सने त्यावर लाल रंगाची फुली मारली होती आणि बजावलं होतं, प्यायला लांबच्या नळाचंच पाणी आणायचं. तो नळ पार रस्त्याच्या टोकाला. तू रोज शाळेआधी दोन बादल्या आणायचीस. तळहाताला कडीचे वळ उठायचे.

एक दिवस तू पंपाचं पाणी भरून आणलंस आणि नळाचं म्हणून ठेवलंस. धाकटा आजारी पडला, चार दिवसांत गेला. नर्स विचारायला आली, पाणी कुठलं पाजलं. मी तोंड उघडायच्या आधी तू रडत म्हणालीस, "मी एकदा पंपाचं आणलं होतं." नर्स तुझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

थोरले, त्या पंपाच्या पाण्याला लोखंडाचा वास यायचा. जन्म धुण्यात गेला माझा, मला वासावरून पाणी कळत नाही होय? तू बादली उंबऱ्यात ठेवलीस तेव्हाच मला कळलं. त्या पाण्याने मी फरशी धुतली. त्यातला एक थेंबही धाकट्याच्या पोटात गेला नाही. तुला ओरडले नाही, कारण तुझे हात बघितले होते.

पुढच्या आठवड्यात, धाकटा आजारी पडायच्या आधी, हॉटेलच्या चादरी आल्या. पांढऱ्याशुभ्र, ढीगभर. पंपाच्या पाण्याने कापडाला तांबूस डाग पडायचे, मालक अंगावर यायचा. तू आणलेल्या नळाच्या दोन्ही बादल्या मी चादरींना वापरल्या. तीन दिवस. धाकट्याला तहान लागली की पंप हापसायचा आणि पेला तोंडाला लावायचा. मीच. उकळायला चूल मोकळी नव्हती, तिच्यावर चादरींना लावायची खळ शिजत होती. मनात म्हटलं, दोन दिवसांनी काय होतंय.

चादरी चांगल्या निघाल्या.

फिल्ममध्ये मी हेच बोललेय. चार वाक्यं आहेत. चांगलं पाणी चादरींना गेलं, मुलाला मी पंपाचं पाजलं. तुझं नाव त्यात नाही. लोकांना अभिनय वाटला. तुला वाटला नसता.

नर्स गेली तेव्हा सांगता आलं असतं. त्या रात्री सांगता आलं असतं. तू मोठी झालीस, लग्न झालं, तेव्हाही. तुझी पोर दोन वर्षांची झाली आणि तू तिला माझ्याकडे आणून सोडलंस. दारातच म्हणालीस, "आई, माझ्या हाताला यश नाही. ही तुझ्या हातीच नीट वाढेल." तेव्हाही मी पोर कडेवर घेतली आणि तुला म्हटलं, चहा पिऊन जा. तू आता औषधांच्या कारखान्यात हातमोजे घालून बाटल्या भरतेस. पोरीशी फोनवर बोलताना विचारतेस काय तर, पाणी उकळलंस का. ती हसते. मी भांडी आवरायला उठते.

तुझ्या बापाला, नर्सला, मालकाला, सगळ्यांना भ्यायले असेन. पण तुझ्यापुढे कसली भीती होती ते मला अजून सांगता येत नाही. एक मूल गेलं, दुसरीही तोंड फिरवील, असं काहीतरी असेल. तू तोंड फिरवलंस ते स्वतःपासूनच. आणि शुक्रवारी तेच मी पुन्हा केलं, तुझ्या पोरीला.

माफी मागत नाही. मागितली की समोरच्याला द्यावी लागते, आणि तू देऊन मोकळी होशील. तुला रागवायला इतकी वर्षं मिळाली नाहीत, आता सावकाश रागव.

पत्र टाकलं की घरी जाऊन टिटवीला सांगणार. उद्या तिचा हात धरून शाळेत जाणार. स्पर्धा घेणाऱ्या भूगोलाच्या बाई सांगतील कोटवाले कुठे भेटतात. ज्या हॉलमध्ये बसले होते तिथेच उभी राहून सांगेन. पण रांगेत तू सगळ्यांच्या पुढे होतीस, म्हणून आधी तुला.

मालक आला. तो विचारतोय कोणाला एवढं लिहितेस. म्हटलं, चादरींचा हिशोब आहे.

तुझ्या हातांना काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. मोजे काढ आणि ये, पोर तुझी आहे, घेऊन जा. येताना स्वेटर मोठा आण.

ते पाणी जिने पाजलं ती,
तुझी आई