ज्याचा कॅमेरा त्याचा फोटो

रविवार, १० मार्च

प्रिय आत्या,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का, ते कळव.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. शाळेत जायच्या आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तूच मला शिकवलंस, की चुकलेलं खोडून लपवायचं नाही. त्यावर एक रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं. तर ‘प्रदर्शनात काकांच्या फोटोला पहिला क्रमांक मिळाला’ या वाक्यावर रेघ मार. तो फोटो मी काढला. आई शिलाई मशीनसमोर बसून सुईत दोरा ओवतेय, डोळे बारीक, जिभेचं टोक बाहेर, तो. चाळीस मिनिटं मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसून वाट बघत होते. काकांनी त्यांचा कॅमेरा दिला आणि ऑटो मोडवर लावून दिला. एवढा वाटा त्यांचा, तो मी नाकारत नाही.

मग तेव्हाच का नाही लिहिलंस, असं विचारशील. सांगते. पण आधी दुकानातलं ऐक, कारण माझं डोकं फिरलं ते तिथे.

स्वतःचा कॅमेरा घ्यायचा म्हणून मी महिनाभर तक्ता करत होते. वजन किती, बटण दाबल्यावर आवाज किती, कमी उजेडात दिसतं किती. आईच्या खोलीत एकच ट्यूबलाइट, आणि ‘खटॅक’ झालं की ती पुतळ्यासारखी बसते. म्हणून जुना, छोटा कॅमेरा आणि एकच लेन्स असं ठरवलं. ती लेन्स दूरचं जवळ आणत नाही, पण उजेड भरपूर आत घेते. काका म्हणाले, मी येतो, तुला फसवतील.

दुकानदाराने माझ्या हातातला कॅमेरा काढून काकांच्या हातात दिला. “साहेब, तुम्ही बघा. ताईंना हलकंसं काहीतरी देऊ, गुलाबी पट्टा फुकट.”

“याचा आवाज ऐकवता का?” मी विचारलं.

“आवाज? ताई, रेडिओ घ्यायला आलात का?”

काका हसले, आत्या. मग त्यांनी हातभर लांब लेन्स काढायला लावली. त्यांच्या छायाचित्र मंडळातले सगळेजण पक्ष्यांचे फोटो काढतात, म्हणून.

मी म्हटलं, “काका, आईची खोली दहा फुटांची आहे. यातून मला तिच्या नाकाचा शेंडा दिसेल फक्त.”

“मग घेऊच नकोस. माझा आहे ना घरात! कोण नाही म्हणतंय तुला?”

“आणि फोटो तुमच्या नावावर जाणार.”

ते खरंच गोंधळले. “अगं, आपल्याकडे असंच आहे. ज्याचा कॅमेरा त्याचा फोटो. आजोबांपासून.”

चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. तेच जास्त लागलं. मी काही न घेता बाहेर पडले.

घरी येऊन अल्बम काढला. प्रत्येक फोटोखाली ‘छायाचित्र’ म्हणून आजोबांचं नाव. ज्यात ते स्वतः मधोमध खुर्चीवर बसलेत, त्याखालीसुद्धा! इतक्या वर्षांत कुणाला हसू कसं आलं नाही? त्या फोटोत आजी आहे, बाबा आहेत, हाफ पँटमधले काका आहेत. तू नाहीस. तू कुठे होतीस, आत्या? कॅमेऱ्यामागे?

म्हणून मला तुझाही राग आलाय. तुझं उत्तर आलं, ‘भावाचं कौतुक आहेच, पण पेपरात फोटो पाहिला, नजर तुझी वाटते. असो.’ असो काय? तुला कळलं होतं, आणि तू ‘असो’ लिहिलंस!

आता माझं. फोटोखालची चिठ्ठी मी लिहिली, काकांचं अक्षर वाईट म्हणून. काकांचं नाव मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं. परीक्षकांनी विचारलं, हा क्षण काकांना कसा सापडला? काका माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, “काका फार वेळ वाट बघतात.” नाव तर दिलंच होतं, माझी चाळीस मिनिटंही देऊन टाकली. कुणी धमकावलं नव्हतं. सवयीने तोंडातून गेलं, आणि तुला लिहितानाही तसंच हातातून गेलं.

आई शेजारीच होती. परतताना एवढंच म्हणाली, “तुझ्या काकांसमोर मी जीभ बाहेर काढून बसले असते होय गं?”

काल मी एकटी दुसऱ्या दुकानात गेले आणि तक्त्यातला कॅमेरा घेतला. तिथल्या बाईंनी न विचारता आवाज ऐकवला. पण नव्या कॅमेऱ्याने गेलेला फोटो परत येत नाही. मंडळ तोच फोटो मोठ्या स्पर्धेला पाठवतंय. काकांनी अर्ज माझ्याकडे दिला, नेहमीसारखा भरायला. मी भरला. छायाचित्रकार या रकान्यात माझं नाव लिहिलं. लिहिताना दोनदा उठून पाणी प्यायले.

गुपचूप देऊन पळायचं नाही. गुरुवारी सकाळच्या चहाला काकांना सांगणार, आणि चार वाजता मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर अर्ज ठेवून, प्रदर्शनात मी खोटं बोलले हेही सांगणार. काका बोलणं टाकतील. बाबा म्हणतील, घरातलं बाहेर कशाला. तू या वेळी तरी ‘असो’ म्हणू नकोस.

गुरुवार, १४ मार्च, दुपारी चार. लक्षात ठेव.

रागावलेली, घाबरलेली आणि तरीही तुझीच,
भाची