आक्काने भरलेली पिशवी

शनिवार, ४ मार्च

आता बाजार फक्त तीनदा. लेकीने ट्रक ठरवून टाकला, एकवीस तारीख. "बाबा, आता मागेपुढे करायचं नाही." करत नाही. पण शनिवारचा बाजार काही ट्रकात घालून नेता येत नाही!

म्हणून आज तासभर आधीच गेलो. ताडपत्र्या अजून बांधत होते. सुऱ्यांना धार लावणारा चाकावरून मान वर करून हसला. वजनमाप खात्यात होतो तेव्हा मला पाहून हे बाजारवाले काटे झाकायचे. आता चहा पाजतात.

भाजीवाल्या आक्काच्या फळीवर रिकामी पिशवी ठेवली आणि फेरी मारायला निघालो. इथे जुनी गिऱ्हाइकं काय हवं ते सांगून पिशवी ठेवून जातात, आक्का भरून ठेवते. पूर्वी हे सगळं ही बघायची. ही गेल्यापासून चार वर्षं मी.

घरी येऊन पिशवी उघडली — कोबी, गाजरं, पालकाच्या दोन जुड्या, आणि बटाटे तीन. किलोभर सांगितले होते! दर वेळी सांगतो, दर वेळी तीनच.

गाव सोडतोय हे आक्काला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलंच नाही.

बुधवार, ८ मार्च

कपाट रिकामं केलं. पितळी वजनांचा संच निघाला. लेक फोनवर म्हणाली, "इथे काय तोलणार आहात?" खरंच आहे. पण भंगारात घालवत नाही.

शनिवार, ११ मार्च

संत्रं उभ्या उभ्याच सोलून खाल्लं. भाव करताना माणसं किती खोटं बोलतात, आणि किती मायेने! नोकरीत असताना हे कधी ऐकू आलं नाही. तेव्हा डोळे काट्यावर असायचे.

आक्का मास्तरांची पिशवी भरत होती. बटाटे गच्च! मी विचारलंच.

"त्यांचं वेगळं, तुमचं वेगळं, साहेब."

डोकं फिरलं. वीस वर्षांपूर्वी तिचा काटा जप्त केला होता मी. भर बाजारात, चारचौघांसमोर. काट्यात खोट नव्हती, पडताळणीच्या शिक्क्याची मुदत तेवढी उलटली होती. ऑफिसात बोलावून समज दिली असती तरी चाललं असतं. तो डूख धरून बसलीय बाई. मी चाललो म्हटलं तर सुटकेचा श्वास टाकेल. आजही सांगितलं नाही.

मंगळवार, १४ मार्च

वजनं आक्काला द्यायची. माफी मागणं जमेलसं वाटत नाही.

शनिवार, १८ मार्च

वजनं कापडात गुंडाळून नेली. तिच्यापुढे ठेवली. "आक्का, मंगळवारी लेकीकडे चाललो. कायमचा."

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "आता तुमची पिशवी कोण भरणार? ताईंना शब्द दिलाय मी."

"कसला शब्द?"

"आजारपणात एकदा आल्या होत्या. इथं पोत्यावर बसून सगळं सांगून गेल्या. पालेभाजी दोन जुड्या. बटाटे तीनच, शुगर आहे त्यांना. मागतील, भांडतील, ऐकू नकोस. आणि माझं नाव सांगू नकोस, चिडतील."

म्हणालो, "मला वाटलं, त्या काट्याचा राग..."

"कुठला काटा?"

आठवतही नव्हता तिला. मी मात्र वीस वर्षं सांभाळून ठेवला होता.

कोबीच्या ढिगापुढे उभा राहून रडलो. भर बाजारात, चारचौघांसमोर. आक्काने पदराने वजनं पुसली, तिच्या वजनांशेजारी मांडली आणि पिशवी भरायला घेतली.

शनिवार, २५ मार्च

लेकीच्या गावचा बाजार. भाजीवाला अनोळखी, तरुण. "बटाटे किती देऊ, काका?"

अडवायला कुणी नव्हतं.

तीन, म्हणालो.