दिव्यांगांची जागा

प्रिय जया,

त्या सोमवारी सकाळी सडा टाकला, शेळीला पाला घातला, भाकरी फडक्यात बांधली. पाण्याची कळशी मात्र अर्धीच भरून उचलली. इंजेक्शनची तारीख होती, म्हणून पायातला जोर एसटीसाठी राखून ठेवला. असं राखून ठेवणं काय असतं, ते तुला सांगायला नको. आपल्या दोघींचा नसांचा आजार बाहेरून कुणाला दिसत नाही.

हे होते तेव्हा गाडी लागली की खिडकीतून टोपी टाकायचे, आणि त्या टोपीखालची जागा माझी व्हायची. मला कधी दिव्यांगाचं कार्ड दाखवावं लागलं नाही. आता आमच्या आणे गावच्या स्टँडवर मी एकटी. मी पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकलेली बाई, त्यामुळे लिहिलेलं खरं मानते. सीटवर दिव्यांगांसाठी असं लिहिलं होतं, पण तिथे टॉवेल पडलेला. मागून एक तरणा चढला. मी कार्ड काढलं, तर म्हणाला, "मावशे, चांगली धडधाकट हायेस की! टावेल दिसत न्हाई का?" मागचा एकजण ओरडला, "मलाबी काढून द्या राव असलं कार्ड, लई गर्दी हाय!" सगळे हसले. कंडक्टर म्हणाला, "टावेल त्याचा हाय मावशी, आता कशाला वाद?"

घाटात पाय बधिर झाले. दांडी सुटली आणि मी माणसांच्या पायांत बसले. कुणीतरी म्हणालं, नाटक करतीय. मला वाटेतच बेल्ह्याला उतरवलं, तेव्हा एक चप्पल गाडीतच राहिली होती आणि मला ते समजलंसुद्धा नव्हतं. थांब्यावर बसून मी माझाच पाय चिमटून बघत होते. घरी आले ती दाराला कडी लावून बसले. वाटलं, पुन्हा जाणं नको. घरात पडले तर निदान कुणी हसणार नाही. जया, त्या विचाराने मला जेवढं बरं वाटलं, तेवढीच त्याची भीती वाटली.

पुढे दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या, पारगावच्या जयाबाई दोन महिने आल्या नाहीत, घरी काम निघालं असेल. मी मान डोलावली, पण मला ते पटलं नाही. तूही कडी लावून बसलीस का? मागच्या वेळी इंजेक्शन चुकलं तेव्हा तुझा एक डोळा अंधारला होता. म्हणून हे पत्र. फोनवर तू हसून विषय बदलशील. पुढच्या तारखेला नारायणगावच्या स्टँडवर ये, तिथून पुढे दोघी मिळून जाऊ. मी अजून घाबरते, एसटीचा हॉर्न ऐकला तरी दाराच्या कडीकडे बघते.

मी तरी दवाखान्यात पोचले कशी, असं तुला वाटेल. दुसऱ्या दिवशी मी त्याच गाडीच्या पायरीवर बसले आणि जागा मिळेपर्यंत दार लावू दिलं नाही.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून,
अंजना