बाबांचा वेग

माझ्या नाचऱ्या आईस,
बोगोटाहून दोन्ही गालांना पापे.

थंडी सोसते, जेवतेही वेळेवर. काल रेकॉर्डवेड्यांच्या बैठकीत प्रत्येकाने आवडती रेकॉर्ड लावून ती का आवडते ते सांगायचं होतं. मी बाबांची साल्साची रेकॉर्ड लावली, आपल्या काली शहरात लावतात तशी, वेग वाढवून.

"अगं, वेग चुकला!" तिथले म्हातारे एवेलिओकाका ओरडले. "गाणं आहे की मिक्सर?"

मी म्हटलं, "माझी आई याच वेगावर नाचते. नाचून दाखवा, मग बोला!"

गाणं संपलं तेव्हा काकाच घामाघूम होऊन ओरडत होते, "पुन्हा लाव!"

बाबा गेल्यापासून तू नाचली नाहीस म्हणे. गुडघे फार दुखतात का गं? नाताळात रेकॉर्ड घेऊन येतेय. तुझ्यासाठी हळू लावीन, पण ऊठ.

तुझीच,
योलिमा