करंगळीची शाई

मु. बोरवाडी, ता. उदगीर,
जि. लातूर (नवा जिल्हा होऊन वीस वर्षं झाली, तरी हात अजून उस्मानाबादच लिहायला जातो)
५ फेब्रुवारी २००३

तीर्थरूप शिवगंगाअक्कास,

धाकट्या गुरुपादप्पाचा शरणार्थ नमस्कार. लोह्यात तुम्ही सगळे सुखात असाल. तुझे गुडघे काय म्हणतात? माझी नीला नीट वागते ना? (तुझी भाचीही तीच आणि सूनही तीच, तेव्हा दोन्ही नात्यांनी रागवायचा हक्क तुझा.) आणि आपला नातू मन्मथ? दूध पितो ना, पाय झाडतो ना? पायांचं जरा नीट बघून कळव. इकडे टँकर तीन दिवसांतून एकदा येतो, त्यामुळे सव्वा महिना होताच तू बाळ-बाळंतिणीला घेऊन गेलीस ते बरंच केलंस.

गेल्या महिन्यातल्या पोलिओच्या रविवारची हकिकत तुला अर्धीच सांगितली होती. नर्सबाईंनी गावाची कमिटी केली आणि अध्यक्ष मला केलं, ते आपल्या भावामुळे, मलप्पामुळे. लहानपणी तो तापातून उठला तो एक पाय लुळा घेऊनच, आणि त्याला पाठंगुळीला घेऊन शाळेत नेणारे आपण दोघं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. अध्यक्ष झाल्यावर मी लग्नातला फेटा काढला (त्यात झुरळं निघाली, ते असो), मलप्पाला डोस झालेल्या लेकरांच्या करंगळ्यांना शाई लावायला बसवलं आणि गाव गोळा करायला पंचायतीपुढे टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा दणादण बडवला. हा रूळ हल्ली फक्त टँकर आल्यावर वाजतो, हे माझ्या फेट्याखाली शिरलंच नाही. पाच मिनिटांत दीडशे बाया घागरी घेऊन हजर, आणि लेकरू एकाही कडेवर नाही! मी दिसताच त्यांनी जे शब्द वापरले ते थोरल्या बहिणीला लिहिता येत नाहीत.

तेवढ्यात खरंच टँकर आला आणि मला अक्कल सुचली. (ती सुचली नसती तर फार बरं झालं असतं.) मी टँकरपुढे उभा राहिलो आणि फर्मान काढलं, की आधी लेकराची करंगळी दाखवा, मग घागर भरा. घराघरांतून पोरं निघाली, कणगीआड लपवलेलीसुद्धा निघाली. नर्सबाई खूश, मी त्याहून खूश. मग केवळाबाई आली. तिची लेक बाळंत होऊन वीस दिवस झालेले. "आप्पा, सव्वा महिना झाला न्हाई, लेकरू उंबऱ्याभाईर कसं काढू? घागर तेवढी भरू द्या," म्हणाली. मी चारचौघांत तिला अडाणी म्हटलं आणि रिकामी घागर घेऊन परत पाठवलं. तासाभराने बिचारी बाळाला तीन गोधड्यांत गुंडाळून घेऊन आली. बाळाला डोस मिळाला, पण टँकर केव्हाच गेला होता. आमच्या घरचा रांजण मात्र भरलेला होता. त्या दिवसापासून मला ते पाणी गोड लागत नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई घरोघर फिरणार होत्या. ज्या घरची सगळी लेकरं झाली त्या दारावर खडूने 'पी' लिहायचं, राहिली असतील तिथे फुली मारायची. अध्यक्षाच्या दारावर फुली कशी चालेल? म्हणून मी आदल्या दिवशीच खडू खिशात टाकला होता. नर्सबाई आमचा 'पी' बघून, मला नमस्कार करून पुढे गेल्या.

असो. थंडी कमी झाली आहे. गुडघ्याला एरंडेल चोळत जा. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
गुरुपादप्पा

ता. क. आमच्या दारावरचा तो 'पी' खोटा होता. मन्मथ तेव्हा दहा-अकरा दिवसांचा. वीस घरं हिंडून आलेली बाई बाळंतिणीच्या खोलीत येणार, बाळाला हात लावणार, म्हणून मला भीती वाटली, अक्का. केवळाबाईच्या नातवाची वाटली नव्हती. बारशाला तू त्याची काळी करंगळी बघून "माझा भाऊ शहाणा" म्हणालीस ना, ती शाई मीच लावली होती. तू माझं कौतुक करत होतीस आणि मी मान खाली घालून पेढे वाटत होतो. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

दुसरा ता. क. काल नर्सबाई मागच्या वेळी डोस झालेल्या लेकरांची यादी घेऊन आल्या. त्यात मन्मथचं नाव नाही. मलप्पा एवढंच म्हणाला, "आण्णा, त्याला शाई म्या लावली न्हाई. मग कुनी लावली?" त्यानेच समोर बसून हे पत्र माझ्याकडून लिहून घेतलं. पहिलं पान वाचून म्हणाला, "फेटा, झुरळं, समदं लिवलंस. आता खरं लिही."

तिसरा ता. क. येत्या रविवारी, ९ तारखेला, पुन्हा डोस आहे. हात जोडून सांगतो, मन्मथला लोह्याच्या बूथवर ने. मी केवळाबाईच्या दारी दोन घागरी ठेवून आलो, तिने त्या आत घेतल्या नाहीत. तू तरी माझं एवढं ऐक. मलप्पा हे पत्र घेऊन स्वतःच येतो आहे. रविवारी मन्मथला मांडीवर तोच घेणार म्हणतो. रांगेत त्याला फार वेळ उभं राहवत नाही, तेवढा एक स्टूल घरून घेऊन जा.