मावशीचा शेक

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे मजेत. सगळे म्हणजे मी आणि मांजर, आणि त्यातलं मांजर आजारी. तू दोन गोष्टी विचारल्यास. बाबांच्या मांजरीचं कसं आहे, आणि बाबा शेवटी शेवटी तुझ्याशी एक शब्दही का बोलले नाहीत. पहिलं सोपं, म्हणून आधी तेच.

तिला नाकाचा कॅन्सर झालाय. आधी नुसती शिंकायची. मग एका नाकपुडीतून रक्त, मग नाकावर टेंगूळ. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेक द्यावा लागेल. मशीनवरचा, रेडिएशनचा. तीन आठवडे, रोज." काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. बाबांनी काय नाव ठेवलंय ते तुला ठाऊकच आहे.

"मावशी."

"तुमच्या मावशीचं नाही हो, पेशंटचं."

"तेच. मावशी."

"बरं, मग मावशी आल्यात का?"

"आल्यात. टोपलीत आहेत."

खरी गंमत ऑफिसात. साहेबांना म्हटलं, मावशीला नाकाचा कॅन्सर आहे, रोज शेकायला न्यायचंय, तीन आठवडे रजा हवी. एक अक्षर खोटं नाही. साहेबांनी चष्मा काढला. "बाई, रजेचं काय घेऊन बसलात? आधी घरचं माणूस." एका मिनिटात सही! शेजारच्या टेबलावरच्या बाई तर रोज फोन करतात, "मावशी जेवल्या का?" मी सांगते, थोडा मासा खाल्ला.

रोज सकाळी उपाशी न्यायचं, कारण दर वेळी भूल देतात; "हलू नका" म्हटलेलं मांजर ऐकत नाही. नाकावरचे केस गेलेत, तोंडात फोड आलेत. वास येत नाही म्हणून ताटलीकडे बघत नाही. मग मी मासा कोमट करून बोटावर घेऊन भरवते. पूर्ण बरी होईल असं नाही, पण वर्षभर सुखाने काढेल म्हणतात. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किती करता हो तुम्ही तिचं!" घरी येऊन मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले.

कारण रजा मिळायला एक मिनिट लागतं, हे मला आत्ता कळलं.

बाबांच्या घशाला सात आठवडे शेक सांगितला होता. तेव्हा माझ्या बढतीचं चाललं होतं. रजा मागितली तर बढती हातची जाईल, म्हणून मी अर्जच केला नाही. तू फोनवर म्हणालास, "ताई, तू शेक सुरू कर, मी येतो, मीच नेईन रोज." बारा वर्षं त्यांचं दुखणंखुपणं मी काढायचं आणि तू सात आठवड्यांत श्रवणबाळ व्हायचं! ते मला सोसवलं नाही. तुला सांगितलं, बाबाच नको म्हणतात. बाबांना सांगितलं, "धाकटा म्हणतो, या वयात कशाला."

ते बराच वेळ बंद रेडिओचं बटण फिरवत बसले. मग म्हणाले, "तो म्हणतो ना? मग नको."

तू आलास तोवर उशीर झाला होता. तू उशाशी बसलास की ते भिंतीकडे तोंड करायचे. तू मला विचारलंस, "आवाज गेला का गं?" मी हो म्हटलं. गेला नव्हता. तू आंघोळीला गेलास की ते मांजरीशी बोलायचे.

बढती मिळाली. तू अभिनंदनाचं पत्र पाठवलं होतंस, चांगलं दोन पानी. मी ते ऑफिसात वाचून दाखवलं होतं.

थोरली म्हणून पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायचा मान माझा. या खेपेला नमस्कार लिहिते. घेतलाच पाहिजेस असं नाही.

ताई