सुंबरानात इंद्रजितचं नाव

कुपवाड, रविवार

सौ. पल्लवीवहिनी यांना शिवतेजचा हात जोडून नमस्कार.

कराडात तुम्ही दोघं खुशाल असालच. इंद्राचा घसा कसा आहे? (सहज विचारलं. त्या घशाशी आमचं आता काही देणंघेणं नाही.) पत्र बघून दचकू नका. फोन केला की इंद्रा कट करतो, म्हणून हा उद्योग.

लग्न तोंडावर आलं आणि इंद्रानं आमचा ‘घण’ बँड सोडला, तेव्हा लोक तुमच्या नावानं काहीबाही बोलले. मी चकार शब्द काढला नाही. (दोनदा काढला, पण दोन्ही वेळा आमच्या सरावाच्या वर्कशॉपात लेथ चालू होती, कुणाला ऐकू गेलं नसणार.) तुमच्या कृपेनं आमचा अल्बम झकास चाललाय. आठ गाणी ठोकून बडवून तयार आहेत, फक्त ती गायला माणूस नव्हता. मग आमच्या ड्रमवाल्या अमृतनं जतकडचे कोंडीबा आणले. वय बासष्ट, धनगरी ओव्या गातात, आवाज असा की वर्कशॉपचा पत्रा थरथरला! मी म्हटलं, इंद्रा गेला ते बरंच झालं.

सांगलीत तासाभरासाठी स्टुडिओ घेतला. कोंडीबांनी कानावर हात ठेवला आणि सुंबरान मांडलं. म्हणजे गाण्याआधी देवांना नमन. मला वाटलं, दोन मिनिटांत उरकेल. कसलं काय! आरेवाडीचा बिरोबा झाला, खरसुंडीचा सिद्धनाथ झाला, चिंचलीची मायाक्का झाली, अर्धा तास गेला तरी देव संपेनात. अमृतला वाटलं गाणं सुरू झालं, त्यानं ड्रम बडवायला घेतला. मी काचेतून हात हलवून ‘आवरा’ म्हणून खुणावलं, तर त्यांना वाटलं मी दिशा दाखवतोय. “व्हय व्हय, म्हसवड ऱ्हायलंच की!” म्हणाले आणि तिकडचे आणखी चार देव घेतले.

एवढं झाल्यावर थांबले आणि मलाच विचारलं, “आवं, आदी हितं कोन गात हुतं? त्याला नमान केल्याबगार मला म्होरं जाता येत न्हाई.” अमृत माझ्याकडं बघायला लागला. सांगावंच लागलं. त्यांनी इंद्राचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं विचारून घेतलं आणि देवांच्या मागोमाग असं काही आळवलं की वहिनी, मला गिटार धरवेना. रडलो मी, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात तास संपला. गाण्याचा एक शब्दही झाला नव्हता.

बाकी सर्व उत्तम.

आपला मानलेला दीर,
शिवतेज

ता. क. कोंडीबा अडून बसलेत. म्हणतात, “ज्याचं नाव घेतलं त्यो जित्ता असून आला न्हाई, तर मी कसा गाऊ?” तेव्हा एक रविवार इंद्राला सांगलीला धाडता का? दोघं मिळून गातील.

आणखी एक. त्यानं तुमच्यामुळं बँड सोडला नाही. हळदीच्या आदल्या दिवशी मीच म्हणालो होतो, तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही, चालता हो. हे त्यानं तुम्हाला सांगितलं नसणार. माझ्यापायी तुम्ही बोल खाल्लेत. माफ करा.

शेवटचं. हे पत्र त्याला अजिबात दाखवू नका. तो जेवायला बसतो तिथं चुकून उघडं राहिलं, तर माझा नाइलाज आहे.